ओजसच्या तोंडी घातलेलं वाक्य

मुलुंड पूर्व,
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

प्रबुद्ध,
सप्रेम जयभीम.

तू बरा असशील. घाटकोपरला दादांकडे रुळलास, असं आई फोनवर म्हणाल्या. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. आता डाळीतले खडे दिसतात म्हणून खूश आहेत. माझंही चाललंय. दिवसभर शाळेच्या ऑफिसात दाखले आणि हजेरीपत्रकं, घरी आल्यावर कथा. मान आखडते, डोळे चुरचुरतात. तुला व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं आणि पाच वेळा पुसलं. म्हणून कागद.

कथांचं तुला माहीत आहे. ॲपवर आठवड्याला दोन भाग. माझे हिरो म्हणजे रुंद खांदे, मोठी गाडी, आणि त्याने नुसता हात लावला की बाई विरघळलीच. एकदा तू विचारलं होतंस, "यांना सगळं आधीपासून येतंच कसं गं?" मी म्हटलं होतं, वाचकांना तेच लागतं.

यंदा त्या सगळ्याचा कंटाळा आला. मग एक वेगळा हिरो लिहिला. ओजस. बत्तीस वर्षांचा, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, कुणा बाईच्या जवळ कधी गेलेला नाही. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा एकटे असतात तेव्हा तो नायिकेला म्हणतो, "मला यातलं काही येत नाही. आपण हळूहळू शिकू या का?"

हो, तुझंच वाक्य. न विचारता घेतलं.

माझ्या सगळ्या कादंबऱ्यांत हीच जास्त वाचली गेली. एका बाईने लिहिलं, तेवीस वर्षं संसार केला, मला असं कुणी विचारलंच नाही. ते वाचून मी शाळेच्या जिन्यात बसून राहिले. मला तर विचारलं होतं ना.

मग भांडुपच्या एका वाचकाचा मेसेज आला. सहदेव नाव, वय छत्तीस. "मॅडम, मी ओजससारखाच आहे. पंधरा दिवसांनी लग्न आहे. मित्र म्हणतात, तिला कळू देऊ नकोस, वाट लागेल. सांगू का?"

नऊ दिवस मी उत्तर दिलं नाही. कथेतली नायिका ओजसचा हात हातात घेते. मी काय केलं, ते तुला माहीत आहे.

मी हसले. आणि तेवढ्यावर थांबले नाही. सकाळी स्वयंपाकघरात बहिणीला, शीतलला, फोनवर म्हटलं, "अगं, माझा नवरा अगदीच कोरा निघाला यार." मागे तू पाण्याची बाटली भरायला आला होतास. ती ओट्यावर तशीच ठेवून गेलास. त्यानंतर सहा वर्षं भांडला नाहीस, ओरडला नाहीस, नुसता कूस बदलून झोपायचास. आणि मी सगळ्यांना सांगत राहिले, की प्रबुद्धच थंड आहे, त्यालाच काही नको असतं. तू घर सोडलंस तेव्हा दादांनाही तेच सांगितलं.

आता जे कुणालाच सांगितलं नाही, ते लिहिते. मलाही काही येत नव्हतं रे. चार मैत्रिणींचं ऐकलेलं आणि पुस्तकांत वाचलेलं, तेवढंच. तू खरं बोललास आणि मला वाटलं, आता मलाही बोलावं लागणार. घाबरून हसले. हसल्यामुळे मी सगळं माहीत असलेली ठरले, आणि मग ते सोंग काही सोडवेना.

शेवटी सहदेवना लिहिलं, "सांगा. ती हसलीच, तर घाबरली असेल असं समजा आणि थोडं थांबा." काल त्यांचा निरोप आला. "सांगितलं मॅडम. ती म्हणाली, बरं झालं बाई, मला वाटलं परीक्षा फक्त माझीच आहे. मग दोघांनी मिळून चहा केला."

वाचून खूप बरं वाटलं. नंतर एका दाखल्यावर शिक्का मारता मारता रडू आलं. मुख्याध्यापिकांना सर्दी झाल्याचं सांगितलं.

रविवारी दादांना फोन केला. म्हटलं, दोष प्रबुद्धचा नव्हता, मी त्याचा अपमान केला होता आणि तुमच्याशी खोटं बोलले. ते म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? त्याला सांग." शीतलला अजून सांगायचं आहे.

एक प्रकाशक ही कादंबरी छापायची म्हणतो आहे. मी अजून सही केलेली नाही. तू नको म्हणालास तर पुस्तक निघणार नाही, ॲपवरूनही काढून टाकेन. नुसतं ते वाक्य गाळून भागणार नाही. बाकी सगळी कथा त्याच्याच आधाराने उभी आहे.

परत ये म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. तेवढं तोंड मला नाही. शनिवारी मला अर्धा दिवस असतो. फोन केलास तर घेईन, नाही केलास तरी समजेन. खूप थकले आहे, प्रबुद्ध, पण यात एकही ओळ बनवून लिहिलेली नाही.

नावाआधी 'तुझी' लिहायचा हक्क उरला आहे का, ते तू ठरव. तोवर नुसतीच,

सुलक्षणा