मंडळीचा प्याला

ता. ९ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय धाकटे,

प्रभूच्या नावाने सलाम. आम्ही सगळे सुखरूप आहोत. तुझी वहिनी शिवणाच्या क्लासला जाते, त्यामुळे मला जेवण वेळेवर मिळत नाही, पण मी कुरकुर करत नाही. उपासनेच्या खोलीला नवा रंग दिला. तुझ्या नवऱ्याच्या हाताची सफाई या रंगाऱ्याला नाही, हे मान्य करतो.

तुझं पत्र मिळालं. भाषा जरा सांभाळ. थोरल्या भावाला कुणी ‘तूच पाजलीस’ असं लिहितं का?

झालं काय ते नीट आठव. दारू सोडल्यावर तुझा नवरा, आपले जावईबापू, माझ्याकडे आले. “दादा, उपासनेतल्या प्रभुभोजनाच्या प्याल्यात द्राक्षांचा नुसता रस ठेवा ना. वाइनच्या वासानंसुद्धा माझा तोल जातो.” मी मंडळीनं निवडून दिलेला वडील; तोंड बघून निर्णय घेत नाही. म्हणालो, “प्रभूनं आपल्याला मोकळं केलंय. तुमच्या भीतीपायी सगळ्यांनी का बांधून घ्यायचं?” यात खोटं काय आहे?

मग ते हातोहात फिरणारा प्याला ओठांना न लावताच पुढे द्यायला लागले. लोक कुजबुजायचे. म्हणून एका रविवारी सगळ्यांदेखत मी एवढंच म्हटलं, “जावईबापू, तुमचा प्रभूपेक्षा बाटलीवर जास्त विश्वास दिसतो!” लोक हसले, मीही हसलो. थट्टाच ती. त्यांनी प्याला घेतला आणि रिकामा केला. रिकामा करायला मी सांगितलं नव्हतं.

तिथून ते थेट गुत्त्यावर गेले, काम सुटलं, तुझ्यावर हात उठला आणि आता पोटात पाणी होऊन इस्पितळात पडलेत. मला वाईट वाटतं. खरंच वाटतं.

मी त्यांच्या उशाशी येऊन म्हणावं, ‘चूक माझी होती, देवानं तुम्हाला टाकलेलं नाही,’ एवढंच तू मागतेस. डॉक्टरांनी आशा सोडलीय आणि ते दाराकडे डोळे लावून आहेत, हेही वाचलं. पण जे मला पटत नाही, ते मी मरणाऱ्यापुढेही बोलणार नाही. सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न आहे.

बाकी विशेष नाही. मला नव्या गोळ्या सुरू झाल्यात. त्यांच्यावर वाइनचा थेंब चालत नाही. चर्चच्या पाळकांच्या कानावर घातलं. लगेच पुढच्या रविवारपासून प्याल्यात साधा रस आला. कुणी हूं की चूं केलं नाही. चवीला बरा लागतो. जावईबापूंना सांग.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारा, शांत झोपणारा,
तुझा दादा