केकवरचा चुरा

प्रिय मिरी,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं, सहा वर्षांत जराही सुधारलेलं नाही. दोन दिवस ते फ्रिजवर तसंच पडून होतं. काल सकाळी वाचलं, आज बाजारात जाऊन आंबट सफरचंदं आणली, आणि आता केक ओव्हनमध्ये ठेवून तुला लिहायला बसले आहे. पन्नास मिनिटं आहेत हाताशी. केक आत असला की मला दुसरं काही सुचत नाही हे तुला माहीतच आहे, तेव्हा पत्रही केकचंच होणार.

तू खुशाली विचारलीस. मी मजेत आहे. अजून तिथेच राहते, पाचव्या मजल्यावर. गुडघे कुरकुरतात, पण तीन महिन्यांपासून आमची लिफ्ट सुरळीत चालते, त्यामुळे जिने चढायची कटकट नाही. कामही तेच, तीच कवळ्या बनवायची कार्यशाळा, तोच प्लास्टरचा धुरळा, संध्याकाळी नखांत तेच गुलाबी मेण. साहेब निवृत्त झाले. त्यांची स्वतःची कवळी करायचं काम माझ्याकडेच आलं. जन्मभर लोकांच्या तोंडात दात बसवले आणि स्वतःचे बसवताना डोळ्यांत पाणी आणलं. तुझी चौकशी करत होते. मी सांगितलं, ती सुखात आहे, आता स्वयंपाकघरातही जावं लागत नाही.

साहेबांनीच मला अक्कलदाढ म्हणायला सुरुवात केली होती, सगळ्यांत शेवटी कामावर लागले आणि आल्याआल्या सगळ्यांना शहाणपण शिकवायला लागले म्हणून. तुझं नाव मात्र मी पाडलं. आपल्या भाड्याच्या खोलीत, टेबलावरच्या त्या एवढ्याशा ओव्हनमध्ये आपण पहिल्यांदा हा केक केला. दालचिनी आणि मिरपूड दोन्ही कार्यशाळेतून उचललेल्या दातांच्या नमुन्यांच्या डब्यांत ठेवलेली, चिठ्ठी एकावरही नाही. तू केकवर पसरायच्या लोणी-मैद्याच्या चुऱ्यात भसकन चमचाभर मिरपूड ओतलीस. टाकून द्यायला जीव होईना म्हणून खाल्ला, आणि बघता बघता दोघींनी अर्धा फस्त केला. आधी गोड, मग सफरचंदाचा आंबटपणा, आणि गिळताना घशाशी हलकासा चटका. त्या दिवसापासून तू मिरी झालीस आणि तो केक आपला झाला. कुणालाही सांगायचं नाही असं ठरलं. मी नाही सांगितलं. लग्नानंतर नवऱ्यालासुद्धा नाही, आणि त्या लग्नात साक्षीदार म्हणून सही तुझीच होती.

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी माझा नवरा स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा यायचा नाही, हाक मारायचा. त्याच्यासारख्या लिफ्ट तपासणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, दिवसभर तो कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर आहे हे कुणी विचारत नाही. मग एका रविवारी उठून पाहते तर हा ॲप्रन बांधून गोठवलेलं लोणी किसणीवर किसतोय. मैद्यात, साखरेत ते बोटांच्या टोकांनी चोळतोय. मला इतका आनंद झाला की शेजारणीला सांगून आले. मासिकात कृती वाचली म्हणाला. पहिला घास घेतला, गिळला, आणि घशाशी चटका बसला.

तेव्हाही माझ्या मनात काही वाकडं आलं नाही, खरंच. मला वाटलं, माझ्यासाठी म्हणून त्याने तुला गाठून कृती विचारली असेल. किती गुणाचा नवरा आणि किती गुणाची मैत्रीण. मी तुला आभार मानायला फोन केला. तू म्हणालीस, छे गं, त्याच्याशी तर माझं सहा महिन्यांत बोलणंसुद्धा झालेलं नाही. एवढं खोटं बोलायची गरज नव्हती, मिरी. हो, मी सांगितली, असं म्हणाली असतीस तर मी आणखी दहा वर्षं आनंदाने केक खाल्ला असता. फोन ठेवला आणि उरलेले तुकडे एकामागून एक खाऊन संपवले. पुढे दीड वर्ष दर रविवारी खात राहिले. बाहेर काही चालू असलं की लोकं घरी फुलं नेतात, हा केक करतो, एवढाच काय तो फरक.

नवरा तुझ्याकडे निघून गेल्याचं दुःख वर्षभरात ओसरलं. रडायला आलं की मला फोन करायचा असायचा तो तुला, आणि तूच नव्हतीस. त्यावर काही इलाज सापडला नाही. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं, आज सांगते. मिरीची बाटली मात्र तो गेला त्याच आठवड्यात कचऱ्यात टाकली.

आता तुझ्या पत्राविषयी. तू माफी मागितलीस, चांगलं केलंस. तो पार बदललाय, घरात रमतो, असंही लिहिलंस. गेले तीन महिने दर रविवारी स्वतः केक करतो, चुऱ्यात आता मिरीऐवजी भाजलेली बडीशेप भरड कुटून घालतो, मासिकात वाचलं म्हणतो, आणि केक तुझ्यापेक्षा सरस होतो. त्याची ही बाजू मला कधी दिसलीच नाही याचं तुला वाईट वाटतं म्हणे. अगं, दिसली होती की. वाचताना इतकं हसू आलं की चहा सांडला. ते जाऊ दे, त्याची डाव्या बाजूची वरची दाढ हलतेय, त्या बाजूने तो चावतच नाही. वेळेवर दाखवून घे. आणि तो तपकिरी स्वेटर कोपरावर विरलाय, तुझं लक्ष नसेल.

केक झालाय, काढून ठेवला. गार झाल्याशिवाय कापायचा नाही, नाहीतर चुरा गळतो, पण तू हे वाचशील तोवर एक तुकडा तुझ्यासमोर डब्यात असेल. तो खाऊन बघ. मिरी टाकून दिल्यावर चुरा मला सपक लागायला लागला, म्हणून मी बडीशेप मंद आचेवर भाजून, भरड कुटून घालू लागले. कुठल्या मासिकात आली नाही ती, माझ्याच ओट्यावर सुचली, आणि आजवर एकाच माणसाला सांगितली. तीन महिन्यांपूर्वी आमची लिफ्ट बंद पडली आणि तपासायला तो आला. मी चहा दिला, केक दिला. पुढच्या गुरुवारी लिफ्ट ठणठणीत असताना आला. मग दर गुरुवारी, चार ते साडेपाच, आणि नुसत्या चहासाठी नाही. त्याने कृती मागितली तेव्हा मी कागदावर नीट लिहून दिली, बडीशेप किती, आच किती, सगळं. मला तो नको होता गं, कालच त्याला सांगितलं की आता येऊ नकोस. मला फक्त एवढंच हवं होतं की रविवारी तू तो केक खावास, आवडीने खावास, आणि ते तुझ्या हाताने मला लिहून कळवावंस. तू लिहिलंस. तुला माफ केलं, मिरी. माणसाने झालं गेलं विसरून जावं, असं तू पत्राच्या शेवटी म्हणतेस. तुला जमलं तर कसं जमलं ते मला कळव.

अजूनही तुझीच,
अक्कलदाढ