थुंकी कोणाची

४ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आजीचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा हल्ली तिच्यापेक्षा जास्त बोलतो. तुझा बाप ठणठणीत.

आता तुझ्या फोनचं. "आजी, बाबांचा नमुना बाईचा निघाला!" म्हणून किंचाळलीस. ती बाई मी. ओरडायचं ते मला ओरड, बापाला नको.

तू तुझ्या प्रयोगशाळेतून धाडलेली नळी त्यानं चहाच्या डब्यामागे ढकलून ठेवली होती. विचारलं की, "आज गॅरेजला घाई आहे." थुंकायला कसली घाई? रस्त्यानं तर चालता चालता जमतं. शेवटी कुरिअरवाला दारात येऊन उभा राहिला. म्हटलं, ह्याला पोटात वागवलाय, ह्याची थुंकी काय वेगळी असणार? भरली नळी. म्हातारपणी तोंडाला ओल कुठली! लिंबू आठवत बसले तेव्हा कुठे रेघेपर्यंत आली.

पण फेकू नकोस. मला एक सांग. तुझा आजोबा प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेला, म्हणून तुम्ही सगळे त्याच्याच रक्तात शोधताय. तुझ्या बापाचं टक्कल मात्र आजोबाचं नाही, माझ्या भावाचं आहे, मागच्या भोवऱ्यासकट. मला टक्कल नाही, तरी माझ्यातूनच गेलं ना? मग जो अवयव देवानं मला दिलाच नाही, त्याचं दुखणंही माझ्यातून जात असेल का?

आणि थुंकीत तू वाचतेस तरी काय? अक्षरं असतात का? असली तर माझी वाच. परवानगीचा कागद पाठव. अंगठा नाही, सही करीन.

आजी

२७ मार्च

चि. ठमीस, आशीर्वाद.

फोनवरचं तुला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, तर तू रडायलाच लागलीस. म्हणून ठेवला. समजलंय मला. माझ्या थुंकीत एक अक्षर चुकलंय. ते मुलाला गेलं असेल किंवा नसेल, निम्मं-निम्मं. गेलं म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही, पण पुरुषाला प्रोस्टेटचा, बाईला छातीचा होऊ शकतो, म्हणून डोळा ठेवावा लागतो. बरोबर?

जन्मभर सासरच्या रक्ताला नावं ठेवली, आणि चोर माहेरचा निघाला. माझा टकल्या भाऊ शेवटी कंबर धरून ओरडायचा. आम्ही म्हणायचो, ओझी उचलली फार. पुढे कोणी विचारलंच नाही.

मागे "ठणठणीत" लिहिलं होतं ते खोड. तुझा बाप जेवता जेवता उठतो, संडासात जाऊन नळ सोडतो. बाहेर नळाचाच आवाज येत राहतो.

काल त्याला गॅरेजमध्ये गाठलं. गाडीखाली होता, नुसते पाय बाहेर. बरं झालं, पळता येईना.

"नळी भर."

"आई, बापाचे हाल मी बघितलेत. मला माझं आधी कळायला नको."

"बापाचं सोड. माझ्यात निघालंय."

पाना वाजायचा थांबला. "तुझ्यात? तुला कसं गं?"

"तेच तर तुझ्या लेकीला विचारतेय. तू थुंकलास तर कळेल."

बाहेर आला, काळ्या हातांनी नळी घेतली. तोंड कोरडं पडलं होतं बिचाऱ्याचं. मी शेजारी उकिडवी बसून "लिंबू, लिंबू" म्हणत राहिले. गुरुवारी त्याला डॉक्टरकडेही नेतेय. तिथे थुंकीवर भागत नाही म्हणे.

एखादी फुटली तर असावी म्हणून दुसऱ्या खेपेला तू दोन नळ्या धाडल्या होत्यास. दोन्ही परत पाठवतेय. भरलेली बापाची, ह्या वेळी खरंच. रिकामी फडक्यात गुंडाळलीय.

ठमे, जगाची थुंकी वाचतेस, तुझी वाचलीस का? फोनवर तू नुसती बापासाठी रडत नव्हतीस, एवढं मला कळतं. तोंड कोरडं पडलं तर लिंबू आठव.

तुझ्यात पाव वाट्यानं राहणारी,
आजी