किल्ल्या आणि चप्पल यांची व्यवस्था

मी, छगन सहादेव पारखे, वय शहात्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तांब्याच्या तारेने भरून देणे, राहणार कोल्हार, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. शाळा सहावीपर्यंत झाली आहे. वकील मुद्दाम बोलावला नाही, कारण तो माझ्या मुलाच्या ओळखीचा आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकणाऱ्याने हेच वाक्य लिहून घेतले असते हे मला कळते, तरी विश्वास ठेवावा.

कलम १. राहते घर मुलगा अमृत याला. मात्र मागची खोली मुलगी रेश्मा हिची. ती सासरहून येईल तेव्हा खोली रिकामी पाहिजे. तिथे कांदे भरून ठेवू नयेत. मी गेल्यावर भरले जातील असा माझा अंदाज आहे.

कलम २. पोस्टातली शिल्लक रेश्माला.

कलम ३. तांब्याच्या तारेची पेटी सून ज्योती हिला. घरात त्या तारेचा भाव तिने एकटीनेच कधी विचारला नाही. का विचारला नाही, हे मला समजलेले नाही.

कलम ४. रस्त्यावरचे दुकान आणि हत्यारे. याबद्दल सविस्तर लिहावे लागते.

नाताळानंतर माझ्या छातीत दुखले. डॉक्टर म्हणाले, काम कमी करा. त्याच आठवड्यात आमचे पाळक श्रीमंत साहेब घरी आले आणि म्हणाले, "छगनराव, प्रभू थकलेल्याला विसावा देतो, पण तुम्ही घटकाभर बसाल तर ना. रविवारी दुकान बंद ठेवा." संध्याकाळी जेवताना अमृत म्हणाला, "दादा, आता जरा दमानं घ्या." तिघांनी एकाच आठवड्यात एकच गोष्ट सांगितली. ठरवल्याशिवाय असे होत नाही. दुकान मोक्याच्या जागी आहे.

मी रविवारी दुकान बंद ठेवू लागलो, पण किल्ल्या कमरेच्या करगोट्याला बांधूनच मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जात होतो. बसायचो उंबऱ्याजवळ. ती माझी जुनी जागा. आमच्याकडे चप्पल बाहेर काढून आत जातात. माझ्या लग्नातली कोरी चप्पल तिथून कोणीतरी नेली, तेव्हापासून मी दारात बसतो आणि प्रार्थनेत डोळे मिटत नाही. मंडळीतल्या सगळ्यांचे पाय मी ओळखतो. माझी बायको रतनबाई, जी आता प्रभूजवळ आहे, म्हणायची, "अवो, डोळं तरी मिटा. द्येव काय तुमची चप्पल न्हेतोय व्हय?" चोराला मी या कागदाने क्षमा करतो. त्याने ती अजून वापरात ठेवली असेल तर क्षमा रद्द समजावी.

गेल्या महिन्यात एका रविवारी प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटले, तसा मी उठलो आणि चोरून दुकान उघडताना अमृतला रंगेहाथ धरायला दुकानाकडे गेलो. कुलूप जागेवर होते. अमृत भर उन्हात पायरीवर बसला होता. समोर देवळालीचे शेतकरी गहिनीनाथ टेम्पोत जळालेली मोटार घेऊन आले होते. मी टेम्पोच्या मागे थांबलो.

"म्हाताऱ्याला बोलीव. माझा ऊस वाळतोय."

"दादा देवळात हायेत. उद्या सकाळी या."

"मग तू भर की."

"किल्ल्या त्यांच्यापाशी हायेत."

"बापाचा तुझ्यावर इस्वास न्हाई व्हय रं?"

"न्हाई," अमृत म्हणाला. "पन तेवढा येळ त्यांना कुनी उठवाया जाऊ नये, म्हनून मी हितं बसतो. दर रविवारी."

मी आलो तसा परत गेलो. दारात न बसता भिंतीकडेला बसलो आणि डोळे मिटले. शेजारच्या बनुबाईने हलवले तेव्हा मंदिर रिकामे होते. "छगनदादा, आशीर्वाद बी झाला. चला घरी." बाहेर आलो तर माझी चप्पल उन्हातून सावलीत सरकवलेली होती. कोणी सरकवली आणि का, याचा तपास चालू आहे.

अमृतने मला टेम्पोमागे पाहिले असेल आणि मला ऐकू जावे म्हणून बोलला असेल, असेही मनात येते. पण त्याची मान उन्हाने काळी पडली आहे. ते एका दिवसाचे काम नाही.

म्हणून दुकान व हत्यारे अमृतला. अट एकच, रविवारी बंद. तो स्वतःही पायरीवर बसणार नाही, मंदिरात बसेल. गिऱ्हाइकाने खुशाल ओरडावे.

कलम ५. हे मरणानंतरचे नाही. या कागदावर सह्या होताच किल्ल्या अमृतला देत आहे, एक वगळून. ती कशाची हे विचारू नये.

कलम ६. मला रतनबाईशेजारी, अनवाणी पुरावे. माझी चप्पल त्या दिवशी मंदिराच्या दारात काढून ठेवावी. कोणी नेली तर शोधू नये.

साक्षीदार दोन घेतले आहेत. देवळालीत दोघांची शेते लागून आहेत आणि बांधावरून त्यांचे एकमेकांशी बोलणे बंद आहे, त्यामुळे संगनमताची भीती नाही.

साक्षीदार: गहिनीनाथ (सही), देवळाली प्रवरा
साक्षीदार: बनुबाई (डाव्या हाताचा अंगठा), कोल्हार

लिहून देणार: छगन सहादेव पारखे (सही)

ठिकाण: कोल्हार, दुकानाची पायरी
१८ मे २०२५, रविवार. दुकान बंद.