तुझ्या ब्रेकचा आवाज

शहाड,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय निशा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. पत्र लिहायची मला सवय नाही. शेवटचं पत्र मी तुझ्या आईला लिहिलेलं, लग्नाआधी, आणि त्यातल्या चुका मालन जन्मभर काढत राहिली. फोन का नाही केला ते पुढे येईलच. आधी कामाचं सांगतो. तुझ्या गाडीचा ब्रेक वाजतो. तू म्हणत होतीस ते खरं होतं. अकरा महिने तू माझ्याशी बोललेली नाहीस आणि त्यात तुझी काही चूक नाही, एवढी दोन वाक्यं कागदावर उतरायला मला चार रविवार लागले.

मार्चमधला तो दिवस मी किती वेळा आठवला असेल. तुझ्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड मी आदल्या आठवड्यात बदललेले. तू घोडबंदर रोडवरून एवढं ट्रॅफिक तुडवत परत आलीस आणि गॅरेजच्या दारातच म्हणालीस की पप्पा, ब्रेक दाबला की असा किंचाळतो की सिग्नलला लोक वळून बघतात, आणि सोसायटीचा वॉचमन गाडी दिसायच्या आधीच गेट उघडायला उठतो. मी गाडी घेतली, शहाडच्या पुलावरून फिरवून आणली, दहा वेळा ब्रेक मारला. काही नाही. गाडी जागच्या जागी थांबत होती. तुझी संचिता मागच्या सीटवर बसलेली, परत आलो तेव्हा तिने दोन्ही कानांवर हात दाबून धरलेले. मला वाटलं, खेळतेय पोरगी. मी तुला म्हटलं, आवाजबिवाज काही नाही, तुझ्या डोक्यात आहे. तू हसलीस. दोन गिऱ्हाइकं समोर उभी होती, आणि च्यायला, तिथेच माझं डोकं फिरलं. टॉवरमध्ये राहायला गेलीस म्हणून बापाच्या हाताला नावं ठेवतेस का, म्हटलं. जा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, तिथे एसीत बसवून कॉफी पाजतात, म्हटलं. ही गाडी पुन्हा माझ्या दारात आणू नकोस, असंही म्हटलं. विनीतराव बिचारे जावई म्हणून मध्ये पडायला आले, तर त्यांनाही सोडलं नाही. जाताना काच खाली करून तू म्हणालीस, आईला तर हो म्हणाला होतात, निदान ते तरी आठवा. मला त्याचा अर्थ लागला नाही. विचारायला हवं होतं. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी पाठ फिरवली आणि पाना उचलला.

त्यानंतर गिऱ्हाइकं एकेक करून कमी झाली. कुणी तोंडावर काही बोलायचं नाही. एकदा पॅड बदलून नेलेला माणूस पुढच्या वेळी दुसरीकडे जायचा, इतकंच. मी म्हणायचो, लोकांना आता मोठी काचेची शोरूम लागते. जे यायचे ते पुटपुटल्यासारखे बोलायचे. हल्ली कुणाला नीट तोंड उघडून बोलताच येत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवायचो. तुझी आई असती तर म्हणाली असती, सगळं जग चुकतं आणि एकटे तुम्ही शहाणे. तीच गेलेली, मग मला कोण आवरणार?

डिसेंबरात नेविल आला. तुझ्या शाळेतल्या क्लेमेंटिना टीचरचा मुलगा गं, तुझ्या दोन वर्ग मागे होता, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो तो. टीचरच्या गाडीचे पॅड मी दिवाळीत बदललेले. तो म्हणाला, अंकल, ब्रेक खूप ओरडतो. मी तेच केलं जे तुझ्याशी केलं. फिरवून आणली, म्हटलं काही नाही. तो भांडला नाही. त्याने मोबाईल काढला, मला पुन्हा गाडीत बसवलं आणि गल्लीतच पुढे-मागे करत ब्रेक मारायला लावला. मग मोबाईल माझ्या कानाशी धरून वाजवला. मला नुसती गाडीची घरघर ऐकू आली. पण पडद्यावर एक रेघ दिसत होती, ती ब्रेकच्या जागी सरळ वर उडी मारत होती, प्रत्येक वेळी. मी म्हटलं, तुझ्या मोबाईलमध्ये गडबड आहे. तेव्हा तो स्वतः गाडीत बसला आणि गॅरेजसमोर जोरात ब्रेक मारला. आपला तो तांबडा कुत्रा माहीत आहे ना, हातोडी पडली तरी पापणी न हलवणारा? तो उठला, कान पाडले आणि शेपूट घालून पलीकडच्या दुकानाच्या पायरीखाली गेला. समोरच्या चहावाल्याने तोंड वाकडं केलं. गाडी थांबलेली मला दिसली. ऐकू काहीच आलं नाही.

मी तिथेच टायरवर बसलो. नेविलने पाणी आणून दिलं. मला संचिताचे ते कानांवरचे हात आठवले.

मग कल्याणला कानाच्या डॉक्टरकडे गेलेलो. एका बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात आणि हातात बटण देतात, आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला येत होते, मी दाबत होतो. मग बंद झाले. मी बसून राहिलो, मशीन अडकलं असेल म्हणून वाट बघत. थोड्या वेळाने डॉक्टरबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, झालं, काका. मशीन चालूच होतं गं. त्यांनी कागद दाखवला, त्यावरची रेघ निम्म्यापर्यंत सरळ येते आणि मग ढासळते. म्हणाल्या, वय आहेच, पण चाळीस वर्षं ग्राइंडर आणि हातोडीजवळ काढलीत, वरच्या पट्टीतले आवाज गेले तुमचे, आज नाही, सात-आठ वर्षं होत आली असतील. खालच्या पट्टीतलं ऐकू येतं म्हणून माणसाला आपलं काही बिघडलंय हे कळतच नाही, वाटतं लोकच हळू बोलतात. लहान मुलांचं बोलणं आधी जातं, म्हणाल्या. फोनवरचं तर अजूनच तुटक येतं. यंत्र लावलं तर थोडाफार फरक पडेल, पण जे पार गेलं ते परत येणार नाही. म्हणून हे पत्र.

आता तुला एक गोष्ट सांगतो, गॅरेजवाल्याने सांगू नये अशी. नव्या पॅडच्या पाठीला एक पातळ पत्र्याची पट्टी बसवायची असते आणि तिच्यावर बोटभर खास ग्रीस लावायचं असतं. पॅड थरथरतो तो त्या पट्टीमुळे दबतो, नाहीतर किंचाळतो. काम किचकट असतं, पट्टी नीट बसत नाही, बोटं कापतात. पूर्वी मी एकही गाडी पट्टीशिवाय सोडली नाही. मग एकदा घाईत राहून गेली, गाडी फिरवली, आवाज नाही. पुढच्या वेळी मुद्दाम नाही लावली, तरी आवाज नाही. मी ठरवून टाकलं की ही कंपन्यांची नाटकं आहेत, उगाच कामं वाढवायची. गेली पाच-सहा वर्षं मी जुन्या पट्ट्या पॅडसोबत भंगारात टाकत आलोय, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला छाती पुढे काढून सांगत आलोय, तानाजीच्या हातचं काम आहे, आवाज येणारच नाही. तुझ्या गाडीच्याही टाकल्या.

तुझा ब्रेक धोक्याचा नाही, घाबरू नकोस. लागतो नीट, नुसता ओरडतो. पण पॅड पार झिजला की गाडी जी शिट्टी मारून सांगते, तीही मला ऐकू न येणाऱ्या त्याच वरच्या सुरातली असते. अशा किती गाड्या माझ्यासमोर ओरडत आल्या असतील आणि मी बॉनेटवर थाप मारून सोडल्या असतील, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. कुणाचं काही झालं का, मला माहीत नाही. झालं असतं तर कळलं असतं, अशी मनाची समजूत घालतो. बोर्डावरचं ‘ब्रेकचे काम’ मी मागच्या आठवड्यात रंग लावून पुसलं. पंक्चर आणि ऑइल एवढंच करतो. ते किती दिवस करीन, देव जाणे.

टीचरची गाडी मात्र दुरुस्त केली. चाकं खोलली, डिस्कवर पॉलिश पेपर मारला, पॅडच्या कडा घासून थोड्या उतरत्या केल्या, पिना साफ केल्या, पाठीला नव्या पट्ट्या आणि ग्रीस. नेविल बाजूला बसला आणि आम्ही बिर्ला कॉलेजपर्यंत जाऊन आलो. त्याला म्हटलं, वाजला की बोट वर कर. त्याने एकदाही केलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला तू आठवलीस. पाचवीत होतीस, मी गाडी फिरवायला निघालो की पुढच्या सीटवर चढून बसायचीस. मी म्हणायचो, डोळे मिट आणि आवाज कुठल्या चाकातून येतो सांग. तू डोळे गच्च मिटून डावा नाहीतर उजवा हात वर करायचीस. कधी चुकली नाहीस. त्याच कानांना मी म्हटलं, तुझ्या डोक्यात आहे.

संचिताचंही आता कळतं. मी तिला सारखं नीट बोल, नीट बोल म्हणायचो. मला वाटायचं, इंग्रजी शाळेत घातल्यामुळे मराठी तोंडातल्या तोंडात बोलते. शेवटी शेवटी ती माझ्याशी बोलायचीच नाही, नुसती चित्रं आणून दाखवायची. तिला सांग, आजोबांचे कान बिघडलेत, तिचं बोलणं नाही.

गाडी घेऊन ये. पट्ट्या मी आणून ठेवल्यात, तुझ्या मॉडेलच्या. काम मी करतो, ऐकायचं तू. पूर्वीसारखी बाजूला बस. तुला यायचं नसेल तर सर्व्हिस सेंटरला दे आणि त्यांना सांग पाठच्या पट्ट्या नाहीत, ते समजतील. मी वाईट वाटून घेणार नाही, असं लिहितोय, पण घेईन.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. हॉस्पिटलमधला तो, आई जायच्या आदला दिवस. आईने तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि माझा हात धरून एक अख्खं वाक्य बोलली. तिचे ओठ मला दिसले. बाकी मशीनची घरघर तेवढी ऐकू आली. तिला इतकी धाप लागलेली की पुन्हा बोल म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मला वाटलं, तिचाच आवाज गेलाय. मी म्हटलं, हो, हो, करतो मी, तू काळजी करू नकोस. ती किती शांत झाली ते तू पाहिलंस. तू पलीकडच्या बाजूला उभी होतीस आणि पदर तोंडात धरून रडत होतीस, म्हणजे तुला ऐकू गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती गेली. दीड वर्ष होत आलं. तुला वाटत असेल, पप्पांनी आईला दिलेला शब्द मोडला. मोडलाच असेल, पण मी कशाला हो म्हटलं तेच मला माहीत नाही गं. ये तेव्हा गाडीतच बस, काचा वर कर, माझ्याकडे तोंड कर आणि सावकाश सांग. ओरडू नकोस, ओठ दिसले की मला कळतं. मालन काय म्हणाली होती?

हट्टी, पण तुझाच,
पप्पा