डोक्यातला किडा

८ फेब्रुवारी
मेंदूत गाठ नाही — किडा आहे! पालघरहून एमआरआय करून आत्ताच सरावलीला परतलो. सोमवारी मेघालीला ओट्यापाशी फिट आली, तेव्हापासून मनात नको नको ते येत होतं. डॉक्टर म्हणाले, डुकरातून येतो हा किडा; एकच आहे, गोळ्यांनी बरी होईल. मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

मेघाली म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुमी हेच सांगताय ना, माझ्या डोक्यात किडा हाय म्हणून?" दोघंही हसलो. मग ती रडली. मीही.

९ फेब्रुवारी
मुरब्याहून सासूबाई आल्या. "आमची पोरगी मासळीशिवाय काय खात नाय. डुकराचा किडा आला कुठून?" त्यांच्या मते हे बाहेरचं वारं, भगताला दाखवून उतरवायचं. मी साफ नाही म्हटलं. आवाज जरा चढलाच. पण गोळी चुकू देणार नाही!

१२ फेब्रुवारी
आज डॉक्टरांकडून कोडं उलगडलं! डुकराचं अर्धंकच्चं मांस खाल्लं की जंत पोटात होतो. अंडी पडतात त्या माणसाच्या शौचातून. तो हात न धुता काही कापतो, कालवतो — आणि त्या अंड्यांतला किडा जातो खाणाऱ्याच्या डोक्यात. म्हणजे डुक्कर राहिलं बाजूला, शोधायचा आहे माणूस! तो सापडला तर आणखी कितीतरी जण वाचतील. मला तर चेवच चढलाय.

१५ फेब्रुवारी
पाणीपुरीवाल्याला गाठलं. "साहब, मैं तो अंडा भी नहीं खाता." मग कोपऱ्यावरच्या खानावळीत गेलो. नर्मदामावशींनी साबणाची वडीच नाकासमोर धरली. तसाच परत फिरलो.

आई म्हणाली, "गाव पालथं घालतोस, आधी घरातलं तपास." डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. ठीक आहे, तिघांच्या शौचाचे नमुने देऊन टाकू. कंपनीतल्या पोरांबरोबर मी खातो कधीमधी डुक्कर, पण मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे.

१६ फेब्रुवारी
फिट नाही! मेघाली पोटभर जेवली. रविवारची कोशिंबीर तिला माझ्याच हातची लागते.

१९ फेब्रुवारी
रिपोर्ट आले. आईचा स्वच्छ. मेघालीचा स्वच्छ.

अंडी माझ्यात सापडली.

मेघालीनं पाण्याचा पेला पुढं ठेवला. म्हणाली, "तुमची गोळी घ्या आधी." माझ्याच्यानं तिच्याकडे बघवलं नाही.