आमचंही १९११

३ मार्च
ठरलं. आमची हॅडलॉक कंपनी '१९११' नावाचं पिस्तूल काढणार. शंभर वर्षांपूर्वीचा नमुना, पेटंट कधीच संपलेलं, आसपासचा प्रत्येक कारखाना काढतो. फक्त आम्हीच नाही. मालकीणबाई मिसेस क्विगलींकडे धाडस नाही, ते माझ्याकडे आहे. १७ तारखेला नमुने दाखवायचे. पसंत पडले तर डिझाइनप्रमुख मी. न पडण्याचा प्रश्नच नाही.

७ मार्च
सुटे भाग मशीनवर सुरेख निघाले. जोडल्यावर वरची सरकती स्लाइड हलेना. मशीनचा दोष.

९ मार्च
निवृत्त फिटर वॉल्ट डोबेकला बोलावलं, फक्त सल्ल्यापुरतं. मशीनचं सांगितलं तर म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मग सल्ला न देता कानस काढून बसला.

१० मार्च
वॉल्टचं म्हणणं, प्रत्येक पिस्तुलाचे भाग कानशीने घासून एकमेकांत बसवायला दीड दिवस लागतो, म्हणूनच थोरल्या मालकांनी हे कधी काढलं नाही. जुन्या माणसांना मशीन कळत नाही.

१४ मार्च
तीन नमुने तयार. लोण्यासारखे चालतात. अहवालात लिहिलं, सर्व काम मशीनवर. कानशीचं लिहिलं नाही, किरकोळ आहे. वॉल्ट वाचून बराच वेळ हसला. आनंद झाला असावा.

१६ मार्च
घरी खोलजोडीचा सराव. स्लाइडची खीळ बसवताना डाव्या बाजूला लांब ओरखडा पडला. आमच्या धंद्यात याला मूर्खाचा ओरखडा म्हणतात. नवशिक्यांना पडतो. मला पडला तो दिव्यामुळे.

१७ मार्च, दुपार
मालकीणबाईंनी ओरखडा पाहिला. तिन्ही पिस्तुलं स्वतः खोलली आणि सगळे भाग एका ट्रेमध्ये कालवले.
"मशीनवर केलंयस ना, गॉर्डन? मग कुठलाही भाग कुठेही बसेल. जोड."
दीड तास झटलो. एकही जुळलं नाही. स्प्रिंगची टोपी उडून त्यांच्या जेवणातल्या सूपमध्ये पडली. शेवटी त्यांनी तिथेच उभ्या वॉल्टला विचारलं, एकाला किती वेळ लागतो?
"दीड दिवस, मॅडम. साहेब मदतीला असले तर तीन."
बेत रद्द. फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, बहुधा तेल गेलं असावं.

२४ मार्च
ग्राहकांच्या फोनवर बसवलंय. तात्पुरतं. माझ्या ज्ञानाचा लोकांना फायदा व्हावा, हा हेतू. पहिलाच फोन टेनेसीतून. तुमची कंपनी १९११ का काढत नाही? याचं उत्तर माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वीस मिनिटं नीट समजावलं. तो शांतपणे म्हणाला,
"बरं. आता जरा माहितगार माणसाला द्या."
वॉल्टचा नंबर दिला.